गेमिंग आणि सर्जनशील कामासाठी घरी जुळवायचा संगणक: सुटे भाग कोणत्या क्रमाने निवडावेत

घरी संगणक जुळवायला निघालेला नवखा माणूस बहुधा प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करतो, त्यानंतर ग्राफिक्स कार्ड ठरवतो, आणि मॉनिटर, पॉवर सप्लाय व एसएसडी (वेगवान साठवणूक) यांची वेळ येईपर्यंत त्याच्या हातात फारच थोडे पैसे उरलेले असतात. गेम खेळणे आणि व्हिडिओ संपादन, छायाचित्रण, त्रिमितीय रचना किंवा संगीत यांसारखी कामे एकाच यंत्रावर करायची असतील, तर हा क्रम विशेष महागात पडतो. कारण या दोन वापरांच्या गरजा काही ठिकाणी जुळतात आणि काही ठिकाणी परस्परांच्या विरुद्ध जातात. गेमला प्रत्येक फ्रेम शक्य तितक्या लवकर हवी असते, तर रेंडर करणारे, म्हणजे अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करणारे, सॉफ्टवेअर प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले स्वतंत्र गणना-विभाग) तासन्‌तास राबवत असते. म्हणून या लेखात निर्णय ज्या क्रमाने घ्यावेत त्याच क्रमाने भागांची ओळख करून दिली आहे: आधी काम, मग मॉनिटर, मग त्या मॉनिटरला पुरेसे पडणारे कार्ड, आणि त्यानंतर त्यांना साथ देणारे बाकीचे भाग.

कामाची यादी आणि मॉनिटर

एका कागदावर दोन रकाने करावेत. पहिल्यात खेळायचे गेम लिहावेत आणि दुसऱ्यात वापरायची सॉफ्टवेअर, त्यांत उघडल्या जाणाऱ्या फाइलींच्या स्वरूपासह. ‘व्हिडिओ एडिटिंग’ एवढे मोघम लिहून भागत नाही. चित्रीकरण कोणत्या कॅमेऱ्याने होते, ते ४केमध्ये आहे की कमी रिझोल्यूशनमध्ये, आणि कॅमेरा कोणत्या कोडेकमध्ये (व्हिडिओ आटोपशीर करण्याच्या पद्धतीत) फाइल साठवतो, हे लिहिले तरच पुढचे निर्णय नेमके होतात. फोटोशॉपचा बराचसा भार एका कोअरच्या वेगावर आणि रॅमवर (काम चालू असतानाच्या तात्पुरत्या मेमरीवर) पडतो, आफ्टर इफेक्ट्स रॅम भराभर खाते, डाव्हिंची रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डाकडून भरपूर काम करून घेते, ब्लेंडरमधील सायकल्स रेंडरला कार्डाचा वेग आणि कार्डाची मेमरी दोन्ही हवी असते, तर संगीताच्या सॉफ्टवेअरला महागड्या ग्राफिक्स कार्डाचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. या पाचही कामांना लोक एकत्रितपणे ‘क्रिएटिव्ह वर्क’ म्हणतात. त्यांच्यासाठी लागणारी यंत्रे मात्र वेगवेगळी असतात.

यादी झाल्यावर मॉनिटर ठरवावा, कारण ग्राफिक्स कार्डावर किती भार पडणार हे मॉनिटरच ठरवतो. १९२० × १०८० या रिझोल्यूशनमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख, आणि ३८४० × २१६० म्हणजे ४केमध्ये सुमारे ८२.९ लाख. म्हणजे १०८०पी सोडून ४के मॉनिटर घेतला की कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. त्यात रिफ्रेश रेटची, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्याची, भर पडते. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर १४४ हर्ट्झला सुमारे ६.९ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात कार्ड आणि प्रोसेसर दोघांचेही काम पूर्ण झाले, तरच त्या जास्त हर्ट्झचा लाभ डोळ्यांना मिळतो.

दोन्ही वापरांसाठी एकच मॉनिटर घ्यायचा असेल, तर २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनेलचा आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश रेटचा मॉनिटर ही माझ्या मते सर्वांत समंजस निवड आहे. त्यावर एका इंचात सुमारे १०९ पिक्सेल बसतात, त्यामुळे अक्षरे आणि चित्राचे बारकावे स्पष्ट दिसतात, आणि मध्यम श्रेणीचे कार्डही गेममध्ये तग धरते. रंगांच्या बाबतीत वेबसाठीच्या कामाला एसआरजीबी या रंगपट्ट्याची पूर्ण व्याप्ती पुरते; व्हिडिओसाठी डीसीआय-पी३ची आणि छपाईसाठी अडोबी आरजीबीची व्याप्ती तपासावी. ओएलईडी पॅनेलचा काळा रंग आणि वेग अप्रतिम असतात. परंतु संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील टूलबार तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहतात आणि अशा स्थिर आकृत्यांचा डाग पॅनेलवर कायमचा उमटण्याचा धोका या तंत्रात असतो, हे रोज आठ-दहा तास काम करणाऱ्याने विसरू नये. मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणाऱ्या फ्रीसिंक किंवा जी-सिंक यांपैकी एकाची सोय असावी, कारण फ्रेमचा वेग वरखाली झाला तरी चित्र त्यामुळे तुटत नाही.

काम नेमके कुठे अडते ते आधी पाहावे

हाताशी जुना संगणक किंवा लॅपटॉप असेल, तर त्याच्याकडून फुकटात बरेच शिकता येते. नेहमीचे काम सुरू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर स्थिर असेल, तर अडथळा कार्डाचा आहे. कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि फ्रेम तरीही अडखळत असतील, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडत असतो. त्या वेळी प्रोसेसरचा एकूण वापर कमी दिसला तरी फसू नये, कारण गेमचा मुख्य धागा एखाद-दुसऱ्या कोअरवरच पूर्ण भाराने चाललेला असतो. रॅम काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत व्यस्त दिसली, तर रॅम तोकडी पडून डिस्कचा आधार घेतला जात आहे. व्हिडिओ संपादनात टाइमलाइन अडखळत असेल, तर ग्राफिक्सच्या आलेखातील ‘व्हिडिओ डीकोड’ हा वेगळा रकाना पाहावा. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभरावर असेल, तर त्या कोडेकसाठी हार्डवेअरची मदत मिळत नाही, एवढे नक्की समजावे.

ग्राफिक्स कार्ड: वेगाइतकीच मेमरीही पाहावी

खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इथे जातो, त्यामुळे इथे घाई करू नये. कार्डाची तुलना करताना लोक फ्रेमचे आकडे पाहतात आणि मेमरीचा आकडा दुय्यम मानतात. गेम आणि सर्जनशील काम दोन्ही करणाऱ्यासाठी हा दृष्टिकोन चुकीचा आहे. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग प्रचंड असतो. उदाहरणार्थ, जीफोर्स आरटीएक्स ४०७०च्या मेमरीची वहनक्षमता सेकंदाला ५०४ जीबी आहे. ती मेमरी भरली की उरलेला डेटा मदरबोर्डवरील रॅममध्ये ठेवावा लागतो, आणि तिथपर्यंतचा पीसीआयई ४.० या जोडणीचा सोळा लेनचा (समांतर वाटांचा) मार्ग एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबीच वाहून नेऊ शकतो. काही स्वस्त कार्डांना तर आठच लेन दिलेल्या असतात, म्हणजे हा मार्ग आणखी निम्मा होतो. म्हणूनच मेमरी संपेपर्यंत कार्ड व्यवस्थित चालते आणि संपल्यावर सरासरी फारशी न घटताही गेम मधूनच झटके देऊ लागतो, किंवा पोत (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) धूसर दिसू लागतात.

ब्लेंडरमध्ये परिणाम अधिक कठोर असतो. दृश्यातील सगळी भूमिती आणि सगळे पोत कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत, तर रेंडर खूप मंदावतो किंवा अर्ध्यावर त्रुटी दाखवून थांबतो. रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनसारखे दोन-तीन जड परिणाम चढवले की मेमरी अपुरी असल्याची सूचना येते. यावरून माझा सल्ला असा आहे की या दुहेरी वापरासाठी आज नवीन कार्ड घेताना ८ जीबीचा पर्याय टाळावा, १२ जीबी ही किमान मर्यादा मानावी आणि शक्य असेल तिथे १६ जीबी घ्यावी. एकाच नावाचे कार्ड दोन वेगवेगळ्या मेमरीसह विकले जाते, हे इथे आवर्जून लक्षात ठेवावे: आरटीएक्स ५०६० टीआय आणि रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, आणि खोक्यावरील मोठी अक्षरे दोन्हींवर जवळजवळ सारखीच असतात.

कंपनीची निवड गेमपेक्षा सॉफ्टवेअरवर सोपवावी. एनव्हिडियाच्या कूडा या व्यवस्थेवर अनेक रेंडर इंजिने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उभी आहेत. त्यांतील काही दुसऱ्या कोणत्याही कार्डावर चालतच नाहीत. ब्लेंडरचे सायकल्स इंजिन एनव्हिडियासाठी कूडा व ऑप्टिक्स, एएमडीसाठी एचआयपी आणि इंटेलसाठी वनएपीआय असे सर्व मार्ग देते. पण ऑप्टिक्समध्ये किरणांचा माग काढणारे खास कोअर वापरले जात असल्याने समान किमतीत एनव्हिडियाचे कार्ड तिथे बहुधा पुढे असते. ज्यांचे मुख्य प्रयोजन गेम आहे आणि संपादन अधूनमधून आहे, त्यांना मात्र एएमडीची १६ जीबीची कार्डे किंवा १२ जीबी मेमरीचे इंटेल आर्क बी५८० त्याच खर्चात अधिक देऊ शकतात. इंटेलचे आर्क घ्यायचे असेल, तर मदरबोर्ड व प्रोसेसर रिसायझेबल बार या, प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम हाताळू देणाऱ्या, सोयीला साथ देतात याची खात्री करावी. तिच्याविना या कार्डाचा वेग खूपच घटतो.

व्हिडिओचे काम करणाऱ्यांसाठी एक तपशील असा आहे, जो कार्डाच्या जाहिरातीत क्वचितच ठळक असतो. अनेक नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगांचे अधिक तपशील राखणाऱ्या) स्वरूपात एच.२६५ कोडेकच्या फाइली देतात. हे स्वरूप हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेल प्रोसेसरांतील ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, आणि एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली. त्याआधीच्या आरटीएक्स कार्डांत ती नाही. आपला कॅमेरा असे चित्रीकरण देत असेल, तर या एका गोष्टीमुळे टाइमलाइन सुरळीत चालेल की अडखळेल हे ठरते. सोय नसलेले यंत्र हाती असेल, तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या पर्यायी, फाइली तयार करून काम करता येते आणि तो मार्ग पूर्णपणे विश्वासार्ह आहे. त्यासाठी वेळ आणि साठवणूक थोडी अधिक लागते एवढेच.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

गेम आणि रेंडर यांच्या परस्परविरोधी मागण्या सर्वांत ठळकपणे इथे दिसतात. गेमला थोड्या पण वेगवान कोअरचा आणि मोठ्या कॅशेचा (प्रोसेसरमधील छोट्या, अतिवेगवान मेमरीचा) फायदा होतो. एएमडीने २०२२ मध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर जादा कॅशेचा थर चढवून हे सिद्ध केले. आजच्या रायझेन ७ ९८००एक्स३डीमध्ये आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशे आहे, तर त्याच पिढीच्या साध्या रायझेन ७ ९७००एक्समध्ये तितकेच कोअर आणि ३२ एमबी. गेममध्ये पहिला स्पष्टपणे पुढे जातो, पण प्रोसेसरवर चालणाऱ्या रेंडरमध्ये कॅशेची ती चैन फारशी कामी येत नाही. उलट इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २६५केमध्ये आठ वेगवान आणि बारा काटकसरी असे वीस कोअर आहेत. तो निर्यात, संकुलन (प्रोग्राम कंपाइल करणे) आणि प्रोसेसरवरील रेंडरमध्ये चांगला चालतो, गेममध्ये मात्र एक्स३डी प्रोसेसरच्या मागे राहतो.

कोणता घ्यावा, हे पुन्हा मॉनिटर आणि यादीच सांगते. १०८०पीवर २४० हर्ट्झच्या स्पर्धात्मक गेमसाठी प्रोसेसर निर्णायक असतो. १४४०पी किंवा ४केवर कार्डाची दमछाक आधी होते आणि महागड्या व मध्यम प्रोसेसरमधील अंतर मिटत जाते. अशा वेळी प्रोसेसरवरचे पैसे वाचवून कार्डावर घालणे शहाणपणाचे ठरते. ब्लेंडरचा रेंडर कार्डावरच होणार असेल, तर सोळा कोअरच्या मोहात पडण्याचे कारण नाही. सहा कोअर गेमसाठी आणि हलक्या संपादनासाठी पुरतात, आठ कोअर बहुतेक मिश्र वापराला पुरतात, आणि त्याच्या वर जाण्याआधी आपले कोणते सॉफ्टवेअर ते जादा कोअर वापरणार आहे याचे नेमके उत्तर आपल्याकडे असावे.

नावातील शेवटची अक्षरे नीट वाचावीत. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजेच वर सांगितलेली व्हिडिओ उलगडण्याची सोयही नसते. संपादकाने एफ प्रकार टाळावा. अंगभूत ग्राफिक्सचा आणखी एक उपयोग असा की कार्ड बिघडल्यास यंत्र निदान सुरू करून पाहता येते. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा प्रोसेसर घेत असल्यास बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याशिवाय तो नियमित वापरात आणू नये. या पिढ्यांतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड सुधारणा दिल्या आहेत.

मदरबोर्ड निवडताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, पहिला. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १८५१चेही तसेच आहे. इंटेलचा आधीचा एलजीए १७०० सॉकेट मात्र काही मदरबोर्डांवर डीडीआर४ आणि काहींवर डीडीआर५ घेतो, आणि दोन्ही प्रकारच्या रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पुढे प्रोसेसर बदलण्याची शक्यता असेल, तर एएम५चे पारडे जड आहे: या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, आणि आधीच्या एएम४वर २०१७च्या अनेक मदरबोर्डांनी केवळ बायोस बदलून २०२२चा प्रोसेसर चालवून दाखवला आहे.

बी६५०, बी८५० किंवा इंटेलच्या बाजूला बी८६० अशा मधल्या चिपसेटचा बोर्ड बहुतेकांना पुरतो. वरच्या श्रेणीचा बोर्ड घेतल्याने गेमची एकही फ्रेम वाढत नाही. पैसे द्यायचे ते प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावरील पुरेशा आकाराच्या हीटसिंकसाठी, एम.२च्या (बोर्डावर थेट बसणाऱ्या एसएसडीच्या) किमान दोन-तीन जागांसाठी, पुरेशा यूएसबी पोर्टसाठी आणि प्रोसेसर न बसवताही यूएसबीवरून बायोस बदलण्याच्या सोयीसाठी. ही शेवटची सोय नवख्याला फार उपयोगी पडते, कारण दुकानात पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नसेल, तर त्यातून सुटण्याचा दुसरा मार्ग घरी नसतो. काही बोर्डांवर विशिष्ट एम.२ जागा भरली की साटाचे (केबलने डिस्क जोडण्याचे) काही पोर्ट बंद होतात किंवा ग्राफिक्स कार्डाच्या लेन सोळावरून आठवर येतात. ही माहिती पुस्तिकेत असते आणि बोर्ड घेण्याआधी ती कंपनीच्या संकेतस्थळावर वाचता येते.

रॅम किती आणि कशी

रॅमचा हिशेब अंदाजाने करण्याची गरज नाही, तो मांडता येतो. ४केची एक फ्रेम ८-बिट खोलीत, चार चॅनेल धरून, सुमारे ३३ एमबी जागा घेते. सेकंदाला २४ फ्रेमने दहा सेकंदांच्या म्हणजे २४० फ्रेम आफ्टर इफेक्ट्सने पूर्वावलोकनासाठी रॅममध्ये धरून ठेवायच्या म्हटल्या, तर सुमारे ८ जीबी लागतात; तेच काम १६-बिटमध्ये केले तर १६ जीबी, आणि ३२-बिटमध्ये केले तर ३२ जीबी. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि स्वतः सॉफ्टवेअर यांचा वाटा यातून वेगळा. छायाचित्रणात २४ मेगापिक्सेलच्या चित्राचा १६-बिटमधील एक पूर्ण थर सुमारे १४४ एमबी भरतो, आणि वीस थरांची फाइल कोणालाही नवी नाही.

त्यामुळे केवळ गेमसाठी १६ जीबी कशीबशी पुरत असली, तरी मिश्र वापरासाठी ३२ जीबीपासून सुरुवात करावी, आणि ४के संपादन, मोठी त्रिमितीय दृश्ये किंवा वाद्यांचे मोठे नमुनासंच वापरणाऱ्याने ६४ जीबीचा विचार करावा. गेममध्ये दोन-चार टक्के वाढवणाऱ्या महागड्या वेगवान रॅमपेक्षा दुप्पट क्षमतेची साधी रॅम सर्जनशील कामात कितीतरी अधिक उपयोगी पडते.

रॅम नेहमी दोन पट्ट्यांच्या जोडसंचात घ्यावी. एकच पट्टी लावली तर दोनपैकी एक चॅनेल रिकामा राहतो आणि वहनक्षमता निम्मी होते. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५वर मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढून वेग बराच खाली आणावा लागतो. म्हणून ‘आता १६च्या दोन, पुढे आणखी दोन’ अशी योजना डीडीआर५साठी करू नये. ६४ जीबीची गरज दिसत असेल, तर ३२च्या दोन पट्ट्याच घ्याव्यात. एएम५साठी सेकंदाला ६००० मेगाट्रान्सफर आणि सीएल३० (सीएल म्हणजे प्रतिसादाआधीचा विलंब) हा संच उत्तम मानला जातो. वेग आणि सीएल हे आकडे एकत्र वाचायचे असतात: ६०००वर सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि जुन्या डीडीआर४च्या ३२००वर सीएल१६ म्हणजेही १० नॅनोसेकंदच. सीएलचा आकडा मोठा दिसला म्हणून रॅम संथ ठरत नाही.

साठवणूक

ऑपरेटिंग सिस्टिम आणि गेमसाठी एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी) एसएसडी घ्यावी. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ३.०ची एनव्हीएमई सुमारे ३५०० एमबी आणि ४.०ची सुमारे ७००० एमबी. तरीही गेम उघडण्याच्या वेळेत पीसीआयईच्या तिसऱ्या व पाचव्या पिढीतील फरक बहुधा काही क्षणांचाच असतो. पाचव्या पिढीची एसएसडी मोठ्या फाइली सतत इकडून तिकडे हलवणाऱ्यालाच परवडते, आणि तिला थंड ठेवण्याची व्यवस्थाही करावी लागते.

वाचण्याच्या वेगापेक्षा लिहिण्याचे सातत्य तपासावे. क्यूएलसी प्रकारच्या स्वस्त एसएसडी सुरुवातीला वेगाने लिहितात आणि त्यांचा आतला कॅशे भरला की त्यांचा वेग एकदम कोसळतो. शंभर-दोनशे जीबी चित्रीकरण एका दमात उतरवणाऱ्याला हे लगेच जाणवते. अशांनी टीएलसी प्रकार घ्यावा. किती जागा लागेल हेही मोजता येते: सेकंदाला १०० मेगाबिट दराने चित्रीकरण करणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो आणि ४०० मेगाबिटचा १८० जीबी. सिस्टिमसाठी एक आणि चालू प्रकल्प व कॅशेसाठी दुसरी अशा दोन एसएसडी ठेवल्या, तर काम सुटसुटीत होते. पूर्ण झालेले प्रकल्प हार्ड डिस्कवर हलवावेत, आणि ज्यातून उत्पन्न मिळते त्या कामाची एक प्रत या यंत्राबाहेर, शक्य असल्यास दुसऱ्या जागी असावी.

पॉवर सप्लाय

ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, त्या भागावर काटकसर करू नये, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. हा एकच भाग बिघडताना आपल्याबरोबर बाकीचे भागही नेऊ शकतो. हिशेब असा करावा: ९८००एक्स३डीसारखा प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे १६० वॉट घेतो, आरटीएक्स ५०७० टीआय ३०० वॉट, आणि बोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून आणखी ६०-७० वॉट. बेरीज ५३०च्या आसपास आली. आधुनिक कार्डे क्षणभरासाठी याहून बरीच जास्त वीज ओढतात, म्हणून इथे ७५० वॉटचा पॉवर सप्लाय योग्य ठरेल. पॉवर सप्लायच्या एटीएक्स ३.० आणि ३.१ या मानकांत अतिशय अल्प काळासाठी क्षमतेच्या दुपटीपर्यंतचे झटके सोसण्याची अट आहे, त्यामुळे नव्या कार्डासोबत याच मानकाचा पुरवठा घ्यावा.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड ही चिन्हे केवळ वीज किती वाया जाते ते सांगतात. अतिदाब, अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासूनचे संरक्षण त्यांत मोजलेले नसते. ते स्वतंत्र परीक्षणांतून आणि वॉरंटीच्या काळावरून ताडावे लागते. मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) पुरवठ्याच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्याही, पुरवठ्याला कधीही लावू नयेत. टोकाचा आकार सारखा असला तरी आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात डिस्क व बोर्ड जळतात. जुने ग्राफिक्स कार्ड तपासून घेणे एक वेळ समजण्यासारखे आहे. जुना पॉवर सप्लाय घेऊ नये.

कूलर आणि कॅबिनेट

बहुतेक सहा आणि आठ कोअर प्रोसेसरना १२० मिमी पंख्याचा चांगला टॉवर कूलर पुरतो, आणि त्यात पंख्याखेरीज बिघडण्यासारखे काही नसते. तासन्‌तास सगळे कोअर वापरणाऱ्या मोठ्या प्रोसेसरसाठी ३६० मिमीचा द्रव कूलर घ्यावा. कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा असावा. काचेचा बंद चेहरा सुंदर दिसतो आणि आतला वारा अडवतो. घेण्याआधी तीन मापे जुळवावीत: कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि बोर्डाचा आकार.

जुळणी आणि पहिली सुरुवात

सगळे भाग आल्यावर प्रोसेसर, रॅम आणि एम.२ एसएसडी बोर्ड टेबलावर असतानाच बसवाव्यात. एएम५ आणि इंटेल दोन्हींच्या सॉकेटमधील पिना अतिशय नाजूक असतात. प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबू नये. चार जागा असलेल्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत जातात. कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला आहे ना, हे पाहूनच तो बसवावा. प्रोसेसरची वीजकेबल आणि कार्डाची वीजकेबल यांची टोके आठ पिनांचीच दिसतात, पण त्यांवरचे लेखन वाचूनच ती जोडावीत. १६ पिनांची नवी जोडणी असलेल्या कार्डाला प्लग अगदी शेवटपर्यंत आत गेला पाहिजे आणि त्याच्या लगेच मागे केबल करकचून वळलेली नसावी. अर्धवट बसलेला प्लग तापून वितळू शकतो.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावावी, बोर्डाला नव्हे. डीडीआर५ असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करते आणि काही मिनिटे पडदा काळाच राहतो. या काळात वीज बंद करू नये. चित्र आल्यावर बायोस अद्ययावत करावा आणि मग रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी मांडणी, म्हणजे एएमडीवर एक्स्पो किंवा इंटेलवर एक्सएमपी, सुरू करावी, अन्यथा ६०००ची रॅम ४८००वरच किंवा त्याच्या आसपासच चालत राहते. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट हाताने निवडावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वरच राहिलेला असणे फार सामान्य आहे.

त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवावे आणि एकही त्रुटी आली, तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणून पुन्हा तपासावे. दुसऱ्या दिवशी अर्धा तास ब्लेंडरचा रेंडर आणि अर्धा तास आपला सर्वांत जड गेम चालवून तापमान नोंदवून ठेवावे. रायझेन ७००० मालिकेतील प्रोसेसर जड रेंडरमध्ये ९५ अंशांपर्यंत जाणे एएमडीच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे, पण गेममध्येही तेवढेच तापत असेल, तर कूलर पुन्हा काढून बसवावा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत सगळी खोकी आणि पावत्या जपून ठेवाव्यात, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख व वॉरंटीचा काळ एका फाइलीत लिहून ती फाइल या संगणकाबाहेर ठेवावी.